कपाटाची किल्ली

रायपूरच्या शंकर नगरात ‘बी.टी.आय. ग्राउंड’ या नावाने ओळखले जाणारे एक मोठे मैदान आहे. तेथे कधी मेळा भरतो, कधी प्रदर्शन मांडले जाते, आणि गावातल्या आबालवृद्धांच्या तोंडी असलेल्या या नावातील तीन अक्षरे कोणत्या संस्थेची आठवण वाहत आहेत याची चौकशी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. ती अक्षरे ‘बेसिक ट्रेनिंग इन्स्टिट्यूट’ची, म्हणजे हिंदी दप्तरात जिला ‘बुनियादी प्रशिक्षण संस्था’ म्हणत त्या शिक्षकशाळेची होत. छत्तीसगढ राज्याच्या शैक्षिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची कचेरीही याच परिसरात आहे, त्यामुळे राज्यातील लक्षावधी मुलांनी शाळेत काय वाचावे, काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे याचा खल आजही जवळजवळ त्याच भूमीवर चालतो. मुलाने शाळेत कोणत्या उद्योगात आपला वेळ घालवावा हे ठरविण्याचा अधिकार सरकारचा, मास्तराचा, बापाचा की खुद्द त्या मुलाचा, हा प्रश्न आपल्या मुलखात कसकसा उद्भवला आणि कोठे कोठे अडखळला, याचा मागोवा या मैदानापासून घेणे मला उचित वाटते. आणि मराठी वाचकाने त्यात परकेपणा मानण्याचे कारण नाही, कारण १९५६ च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत रायपूर, नागपूर, वर्धा आणि अमरावती ही सारी एकाच प्रांतातील नगरे होती, आणि एका ठिकाणी निघालेला शिक्षणाचा हुकूम दुसऱ्या ठिकाणी तितक्याच सक्तीने लागू होत असे.

त्याही पूर्वी, १७५८ च्या सुमारास बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिला तेव्हापासून, मराठी कारकून, फडणीस आणि शिलेदार यांची घरे या प्रदेशात वसत गेली, आणि १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने कारभाराचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आणल्यावर या गावाला प्रतिष्ठा आली. कारकुनाच्या मुलाने मोडी अक्षर वळवावे, पावकी-निमकी पाठ करावी, जमाखर्चाचा ताळेबंद मांडावा आणि बापाच्या जागी बसावे, एवढाच त्या काळच्या विद्येचा हेतू असल्याने तेथे निवडीचा प्रश्न उपस्थितच होत नव्हता. पंतोजीच्या पडवीत धुळपाटीवर अक्षर गिरविणाऱ्या मुलाला छडीचे भय असे. परंतु पंतोजीचा अंमल पडवीच्या उंबरठ्याशी संपत असे, आणि पुढचा सारा दिवस तळे, आमराई आणि भाताचे बांध यांच्या सहवासात जाई, ही गोष्ट त्या व्यवस्थेच्या निंदकांनी क्वचितच लक्षात घेतली आहे. इंग्रजी अमदानीत शाळेचे तास वाढले, तपासनीस आले, इयत्ता आणि परीक्षा आल्या, आणि मुलाच्या दिवसाचा मोठा भाग सरकारी तक्त्यात जमा झाला.

या तक्त्याबाहेर राहिलेल्या एका मुलाची हकीगत मात्र रायपूरच्या इतिहासात सर्वांत मोलाची आहे. १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरास आले आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचे कुटुंब, चौदा वर्षांच्या नरेंद्रासह, बैलगाडीने अरण्यातून कित्येक दिवसांचा प्रवास करून येथे पोचले. त्या वेळी रायपुरात त्याच्याजोगी शाळा नव्हती असे चरित्रकार सांगतात; तेव्हा पुढे विवेकानंद म्हणून जगद्विख्यात झालेला हा मुलगा सुमारे दोन वर्षे कोणत्याही इयत्तेत न बसता राहिला. त्या काळात तो बापाशी वादविवाद करी, घरी येणाऱ्या विद्वान मंडळींच्या संभाषणात निर्भयपणे भाग घेई, बुद्धिबळ शिके, गाणे शिके, आणि स्वयंपाकही शिके. विश्वनाथबाबू मुलाला उत्तरे पढवीत नसत, त्याच्या मताला प्रतिपक्ष उभा करून त्याला विचार करावयास लावीत. आणि १८७९ मध्ये कलकत्त्यास परतल्यावर या मुलाने राहून गेलेला अभ्यास अल्पावधीत भरून काढून प्रवेशपरीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली, ही घटना शाळाखात्याच्या अभिमान्यांना थोडी अडचणीचीच वाटावी. अर्थात प्रत्येक मुलाच्या घरी विश्वनाथ दत्त नसतात, आणि असामान्य मुलाच्या उदाहरणावरून सामान्यांसाठी नियम बांधणे हे वकिली चातुर्य असले तरी इतिहासाचे शास्त्र नव्हे. तरीही या प्रसंगातील एक गोष्ट मी राखून ठेवतो, ती अशी की नरेंद्राला मिळालेले स्वातंत्र्य रिकाम्या घरातले नव्हते: त्याच्या हाताशी पट होता, ग्रंथ होते, चूल होती, तंबोरा होता, आणि ज्यांच्याशी भांडता येईल अशी माणसे होती.

हीच गोष्ट शास्त्रीय रूपाने उमगण्यास पुढे तीस वर्षे जावी लागली, आणि ती उमगली रोमच्या सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत. १९०७ च्या ६ जानेवारीस मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर बाईंनी तेथे मजुरांच्या मुलांसाठी बालगृह उघडले, तेव्हा खेळण्याचे व शिकण्याचे साहित्य एका कपाटात कुलूपबंद असे आणि शिक्षिका रोज ते काढून मुलांना वाटी व काम संपले की परत आत ठेवी. एके दिवशी शिक्षिकेस यावयास उशीर झाला आणि आदल्या दिवशी कपाटाला कुलूप लावावयाचे राहून गेले होते. येऊन पाहते तो मुलांनी दार उघडून आपल्याला हवे ते साहित्य उचललेले. शिक्षिकेच्या मते ही चोरी होती आणि तिला शासन व्हावयास हवे होते. मॉन्टेसरीबाईंनी त्याच दृश्याचा निराळा अर्थ लावला: मुलांना या वस्तूंची आता इतकी ओळख झाली आहे की त्यांतून निवड करण्यास ती समर्थ आहेत. त्यानंतर मुलांच्या उंचीची, कुलूप नसलेली बुटकी कपाटे तेथे आली. शिक्षणशास्त्रातील एवढा मोठा पालट एका विसराळूपणातून व्हावा हे मला तत्त्वज्ञानाच्या अनेक ग्रंथांपेक्षा अधिक विश्वसनीय वाटते. मात्र या स्वातंत्र्यालाही मर्यादा होत्या, आणि मॉन्टेसरीचे नाव घेऊन मोकाटपणाचे समर्थन करणाऱ्यांना त्या ठाऊक नसतात: जे साहित्य कसे वापरावे हे मुलाला एकदा दाखविले गेले आहे तेच त्याने घ्यावे, प्रत्येक वस्तू एकच असल्याने दुसऱ्याच्या हाती असेल तर वाट पाहावी, आणि काम झाल्यावर ती जागच्या जागी ठेवावी.

हा विचार आपल्याकडे आणला तो गिजुभाई बधेका या गुजराती वकिलाने. आपल्या मुलाच्या शिक्षणाच्या काळजीतून मॉन्टेसरीचा ग्रंथ वाचून त्यांनी वकिलीचा त्याग केला आणि १९२० मध्ये भावनगरास दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. भरघोस मिशा असलेल्या या गृहस्थास लोक प्रेमाने ‘मूछाळी मा’ म्हणत. १९२३ मध्ये त्यांच्याकडे ताराबाई मोडक आल्या. प्रार्थनासमाजी केळकरांच्या घरात १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या, पदवीधर झालेल्या, विवाहानंतर काही वर्षे अमरावतीस म्हणजे याच मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या मुलखात राहिलेल्या, संसार विसकटल्यावर लहानग्या मुलीला घेऊन राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदी गेलेल्या या बाईंनी पगार व मानमरातब सोडून भावनगरच्या बालमंदिराची वाट धरली, याचे आश्चर्य त्यांच्या समकालीनांना वाटले असल्यास नवल नाही. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, शिक्षणपत्रिका निघाली, आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. मॉन्टेसरीबाई स्वतः १९३९ च्या नोव्हेंबरात अड्यारला आल्या, युद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या, आणि सुमारे हजारभर भारतीय शिक्षक त्यांच्या वर्गांतून तयार झाले. परंतु दट्ट्यांचे ठोकळे, गुलाबी मनोरा, खरकागदाची अक्षरे हे सारे साहित्य खर्चाचे होते, आणि बालमंदिर हे मुख्यतः शहरातील सुखवस्तू घरांचे भूषण होऊन बसले. गांधीजींनी १९३१ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये मॉन्टेसरीबाईंच्या समक्ष या पद्धतीचा गौरव करीत असतानाच ती दरिद्र्यांच्या मुलांपर्यंत पोचावी अशी अपेक्षा व्यक्त केली, तिच्या मुळाशी हेच शल्य होते.

गांधीजींचे स्वतःचे उत्तर निराळे होते आणि ते आमच्याच प्रांतात जन्मले. १९३७ च्या २२ व २३ ऑक्टोबरला वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मातृभाषेतून, हस्तोद्योगाभोवती गुंफलेले बुनियादी शिक्षण देशापुढे आले. त्या वेळी या प्रांताचे शिक्षणमंत्री होते रायपूरचे वकील पंडित रविशंकर शुक्ल, जे पुढल्याच वर्षी मुख्य प्रधान झाले. त्यांनी आपली ‘विद्यामंदिर योजना’ पुढे केली. खेड्यातील मालगुजारांनी व शेतकऱ्यांनी शाळेस जमीन दान द्यावी, त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा व शिक्षक यांचा निर्वाह व्हावा, आणि सरकारी तिजोरीवर भार पडू नये, अशी ती कल्पना होती; देवस्थानास इनाम असावे तशी शाळेस जमीन असावी, या विचारात जुन्या मुलकी व्यवस्थेचे संस्कार स्पष्ट दिसतात. ‘मंदिर’ या नावावरून मुस्लिम लीगने मोठा गहजब केला, आणि मुलाच्या हितापेक्षा पाटीवरील नावावरच अधिक शाई खर्ची पडली. १९३८ च्या एप्रिलमध्ये वर्ध्यास विद्यामंदिराच्या शिक्षकांची प्रशिक्षणशाळा सुरू झाली, आणि बुनियादी शिक्षकशाळांची जी परंपरा या प्रांतात पुढे पसरली, तिचेच शंकर नगरचे मैदान हे एक अवशिष्ट चिन्ह होय.

आता झाकिर हुसेन समितीने सुचविलेले वेळापत्रक पाहा. दिवस साडेपाच तासांचा; त्यात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे; संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून ४० मिनिटे; मातृभाषेला ४०; समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना ३०; व्यायामाला १०; आणि मधल्या सुटीला १० मिनिटे. पाठांतराच्या तुरुंगातून मुलाचे हात या योजनेने मोकळे केले, हे तिचे थोर ऋण मान्य केलेच पाहिजे, आणि सूत काढता काढता गणित, कापसावरून भूगोल, चातीवरून पदार्थविज्ञान शिकविण्याची कल्पना जितकी साधी तितकीच प्रतिभासंपन्न होती. परंतु हात मोकळे करणे आणि निवड मोकळी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सूत कातण्याची टकळी मुलाच्या हाती द्यावयाची हे वडीलधाऱ्यांनी आधीच ठरविलेले होते, तारेची मोजदाद ठरलेली होती, आणि कांतलेल्या सुताच्या विक्रीतून शाळेचा खर्च काही अंशी निघावा ही अपेक्षा त्यात मिसळली होती. आर्थिक बाजूवर भर पडून शैक्षणिक हेतू मागे पडण्याचा धोका खुद्द समितीनेच आपल्या अहवालात ओळखला होता, आणि अहवालातील इशारे हा आपल्याकडे सर्वांत कमी वाचला जाणारा भाग असतो. सेवाग्रामला शांता नारुलकर यांनी सात वर्षांखालील मुलांसाठी चालविलेल्या पूर्वबुनियादी वर्गात घर, अंगण, पाणी, साफसफाई आणि खेळ यांना जे स्थान होते ते या मोजमापाच्या शिस्तीपेक्षा कितीतरी मोकळे होते. पण प्रांतोप्रांतीच्या शिक्षकशाळांनी उचलली ती टकळी आणि तिचा तक्ता.

दोन्ही प्रवाहांचा खरा संगम झाला तो समुद्रकाठी, बोर्डीला. १९४५ च्या डिसेंबरात ताराबाईंनी तेथे ग्रामबालशिक्षण केंद्र सुरू केले आणि त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ: १९१० मध्ये मोरगावास जन्मलेल्या, तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, स्वतःच्या जिद्दीने शिक्षिका झालेल्या. ज्या वर्षी या दोघी तेथे पोचल्या त्याच वर्षी त्या भागातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उठाव केला होता, ही कालगणना मला अर्थपूर्ण वाटते. ज्यांचे आईबाप आजवर सावकार-जमीनदाराच्या हाकेसरशी जोताला जुंपले जात होते, त्या मुलांना ‘तुला काय करावेसे वाटते’ असे विचारणे म्हणजे केवळ शिक्षणपद्धतीचा प्रयोग नव्हता. दादरचे साहित्य येथे परवडणारे नव्हते आणि शोभणारेही नव्हते. म्हणून शिंपले, शंख, चिंचोके, बिया, पाने, गोटे, काड्या, माती यांनाच साहित्याचा दर्जा मिळाला: लहानमोठ्या गोट्यांनी आकारमानाचा, पानांनी रंगछटांचा आणि चिंचोक्यांनी संख्येचा पाठ दिला, आणि ज्या वस्तूंना कुलूप लावताच येत नाही अशा वस्तूंनी बालवाडी भरली. मॉन्टेसरीबाईंनी कपाटाचे कुलूप काढले. ताराबाईंनी कपाटच काढून टाकले.

एवढ्यानेही मुले येईनात, तेव्हा बालवाडीच हरिजन व आदिवासी वस्त्यांच्या अंगणात नेली गेली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव रूढ झाले. १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले, आणि तेथे पुढची अडचण आली: जरा मोठी मुले गुरांमागे जात, आणि जो मुलगा न जाईल त्याच्या घरची चूल अडे. शाळेने त्याला दटावून आणले नाही. शिक्षक गुरांमागे कुरणात गेला, आणि ‘कुरणशाळा’ अस्तित्वात आली. जेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदतात अशी ‘विकासवाडी’ही येथलीच, ज्यायोगे धाकट्या भावंडाला काखेत घेऊन फिरणाऱ्या मुलीला त्याला पाळणाघरात ठेवून वर्गात बसणे शक्य झाले. मुलाच्या निवडीचे तत्त्व येथे एक पायरी खाली, अधिक कठीण जमिनीवर उतरले, कारण ज्याच्या पाठीवर घरच्या कामाचे ओझे आहे त्याच्या पुढ्यात चार प्रकारचे साहित्य मांडून ‘घे हवे ते’ म्हणणे ही थट्टा ठरते. आधी त्याचा वेळ मोकळा व्हावा लागतो. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, १९७३ च्या ३१ ऑगस्टला त्या वारल्या, आणि अनुताईंनी १९९२ पर्यंत ती टेकडी सांभाळली.

छत्तीसगढच्या वाचकाने येथे बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलाची आठवण करावी. व्हेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये त्यावर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यातील तरुण-तरुणींच्या प्रणयाकडेच शहरी जगाचे लक्ष गेले. पण लहान मुले तेथे सर्पण आणतात, झाडलोट करतात, आपल्याहून थोड्या मोठ्यांकडून नाच, गाणे आणि वागण्याची रीत शिकतात, आणि हे सारे वडीलधाऱ्यांच्या देखरेखीविना मुलांच्याच शासनाखाली चालते, हा त्यातील शिक्षणविषयक भाग दुर्लक्षित राहिला. शिक्षणखात्याने ज्या मुलांना निरक्षर म्हणून नोंदविले, त्यांची एक स्वायत्त संस्था रायपूरच्या दक्षिणेस खात्याच्या जन्माआधीपासून चालत आली होती.

१९५६ नंतर विदर्भ पश्चिमेकडे गेला, रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले, आणि दोन्हीकडे बुनियादी शिक्षणाची कथा थोड्याफार फरकाने सारखीच झाली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) त्याचे ‘कार्यानुभव’ असे नामांतर केले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या आणि जुन्या बुनियादी संस्था त्यांत विलीन होत गेल्या. अंगणवाडीचे नाव १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत सुरू केलेल्या एकात्मिक बालविकास योजनेने उचलले आणि ते देशाच्या कानाकोपऱ्यात गेले. आहार, लसीकरण, वजनाची नोंद ही त्या योजनेची कामे अत्यावश्यक आहेत आणि त्यांनी असंख्य मुले वाचविली आहेत. परंतु ज्या अंगणात शिंपले आणि चिंचोके पसरलेले असत ते अंगण नोंदवह्यांनी भरले, आणि सेविकेच्या दिवसातून मुलाकडे निवांत पाहत बसण्याचा वेळ, जो मॉन्टेसरीपासून अनुताईंपर्यंत सर्वांनी शिक्षिकेचे मुख्य काम मानला, तोच सर्वांत आधी गेला.

२००० च्या १ नोव्हेंबरला छत्तीसगढ राज्य झाल्यावर शंकर नगरातून पुन्हा काही हालचाल झाली. ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांत जन्मलेली बहुइयत्ता-बहुस्तर पद्धती येथील प्राथमिक शाळांत आली: पाठ्यपुस्तकाऐवजी चित्रांकित कार्डे, भिंतीवर शिडीसारखा क्रम, आणि मुलाने शिडीवर आपली जागा ओळखून स्वतः कार्ड उचलून आणावयाचे. यात मुलाला स्वतःची गती मिळते, आणि एकाच खोलीत अनेक इयत्ता सांभाळणाऱ्या खेड्यातील शिक्षकाला दिलासा मिळतो, म्हणून तिला मी कमी लेखणार नाही. पण शिडीच्या पायऱ्या वरून बांधून आलेल्या असतात, आणि मुलाला ‘केव्हा’ ठरविता येते, ‘काय’ ठरविता येत नाही. पुढे २०२२ च्या ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनी, राज्य सरकारने पाच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाच हजारांहून अधिक ‘बालवाड्या’ सुरू केल्या. ज्या ताराबाई विवाहानंतर काही वर्षे याच जुन्या प्रांतातील अमरावतीस राहिल्या होत्या त्यांनी रूढ केलेला शब्द अशा रीतीने रायपूरच्या सरकारी फर्मानात येऊन दाखल झाला.

फर्मानाने नाव येते, इमारत येते, साहित्याची पेटीही येते. त्या पेटीतील वस्तू हरवली वा मोडली तर सेविकेकडून भरपाई मागितली जाईल की नाही, हे मात्र कोणत्या कलमात लिहिले जाईल यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. कारण ज्या शिक्षिकेला ठोकळ्याच्या नुकसानीचा जबाब द्यावा लागतो ती पेटी कुलपात ठेवणारच, मग तिने प्रशिक्षणात बालकाच्या स्वातंत्र्यावर कितीही व्याख्याने ऐकलेली असोत. बोर्डीच्या वाळूतल्या शिंपल्यांची कोणत्याही भांडारनोंदवहीत नोंद नव्हती, आणि हिशेबतपासनीसाच्या दृष्टीने त्यांची किंमत शून्य होती.